टाचेला चार दिवस

१२ जानेवारी

डॉक्टरांनी वही घालायला सांगितली. "रोज लिहा. अंगठा किती दुखला, दहापैकी आकडा टाका. त्या दिवशी काय काम केलं तेही लिहा." मी म्हटलं, काम काय, बूटच करतो. "मग बूट लिहा," म्हणाले. साठाव्या वर्षी गृहपाठ मिळाला. वहिनीने कपाटातून एक कोरी डायरी काढून दिली, तीन वर्षांपूर्वीची. तारखा आणि वार जुळत नाहीत. चालेल.

उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टाचा झिजलेल्या बघितल्या, आता स्वतःचं काहीतरी झिजलं. डॉक्टरांना कामाचंही लिहून हवंय, तर एकदाच लिहितो. ज्यांचे पाय बाजारातल्या बुटात बसत नाहीत, त्यांचे बूट मी करतो. एक पाय आखूड, घोटा आत वळलेला, अपघातात अर्धं पाऊल गेलेलं, असे पाय. प्रत्येकाच्या पायाचा लाकडी फर्मा करायचा आणि त्यावर चामडं चढवून बूट बांधायचा. वडिलांनी दादाला आणि मला शिकवलं. दादा अकरा वर्षांपूर्वी गेला. आता दुकानात मी आणि वहिनी. ती मशीनवर वरची शिलाई करते, गिऱ्हाइकांशी बोलते आणि उरलेल्या वेळात मला बोलते.

दुखणं ५. एक घोट्याचा बूट, दोन तळवे.

१३ जानेवारी

दुखणं ५. सांगण्यासारखं काही नाही.

१६ जानेवारी

बाई आल्या होत्या. डाव्या बुटाची टाच घेऊन.

बाई म्हणजे भूगोलाच्या बाई. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी आमच्याकडे त्या भूगोलाच्या बाईच. लहानपणीच्या तापाने डावा पाय सव्वा इंच आखूड राहिला. तेवीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा आल्या तेव्हा बुटाखाली कुणीतरी चक्क लाकडाचा ठोकळा ठोकून दिला होता. वर्गात येण्याआधी अख्ख्या मजल्याला आवाज जायचा. मी निम्मी उंची बुटाच्या आत दिली, उरलेली तळव्यात अशी बसवली की बघणाऱ्याला दिसू नये. त्यांनी दुकानात तीन फेऱ्या मारल्या, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उस्ताद, घात केलात. आता पोरांना माझी चाहूल लागणार नाही." तेव्हापासून मी उस्ताद. दुसरं कुणी म्हणत नाही, म्हणायचं कारणही नाही.

टाच पुन्हा तीन महिन्यांत गेली. पूर्वी बाईंची टाच वर्षभर चालायची. रबर पारखून आणायचं काम दादाचं होतं. तो गेला त्या महिन्यात बाई भेटायला आल्या, बाकावर तासभर बसल्या आणि जाताना टाच बदलायला देऊन गेल्या. त्यानंतरचं सगळं रबर मी आणलेलं, आणि तेव्हापासून ही रड. मला रबर ओळखता येत नाही हे कबूल करायला हवं. दोन रबरवाले बदलले. भांडलो. बाईंच्या काढलेल्या सगळ्या टाचा बिस्किटाच्या डब्यात तारखा घालून ठेवल्यात, एक दिवस रबरवाल्यापुढे ओतायला. तो म्हणतो, बाकी कुणाची तक्रार नाही. आता बाकीचे चालतात तरी कुठे बाईंइतकं!

दुसरी काळजी म्हणजे टाच सपाट झिजते. चालणाऱ्याची टाच मागून, बाहेरच्या कडेला तिरकी झिजते. बाईंची हल्ली अख्खी एकसारखी जाते. म्हणजे त्या पाय घासत चालत असणार. कंबर बिघडत असेल.

"कंबर दुखते का?" मी विचारलं.

"छे."

"चढउतार फार होतो का कुठे?"

"मागच्या दाराला पायऱ्या आहेत. दगडी," असं म्हणून त्या वहिनीच्या मशीनकडे बघत बसल्या. वहिनीला जोराचा खोकला आला.

"चार दिवसांनी या," मी म्हटलं.

"चार दिवसांनी येते," त्या म्हणाल्या.

दुखणं ४.

१७ जानेवारी

हे लिहून ठेवायला हरकत नाही. टाच लावायला वीस मिनिटं लागतात. बाकीच्यांना मी त्याच संध्याकाळी बूट परत देतो. बाईंना चार दिवस सांगतो. म्हणजे एक टाच, पण बाई दोनदा येतात. चार दिवस बूट माझ्या बाकासमोरच्या फळीवर असतो. त्यांनी कधी घाई केली नाही, घरी दुसरा जोड असतो.

ही पानं काही डॉक्टरांना दाखवता येणार नाहीत. आकडे वेगळ्या कागदावर उतरवून नेईन.

दुखणं ४.

२० जानेवारी

बाई बूट न्यायला आल्या. पायात घालून बघितला, दोन फेऱ्या मारल्या, पुन्हा बाकावर बसल्या.

"भाची बोलावते आहे," म्हणाल्या. "कायमचं. तिच्याकडे जागा आहे, मुलं मोठी झालीत. इथे एकटी कशाला राहतेस म्हणते."

भाचीचं गाव म्हणजे गाडीने एक दिवस आणि एक रात्र. मी शिवायच्या आरीला मेण लावत होतो. लावून झालं होतं, तरी लावत राहिलो.

"मग?"

"मग काय. विचार करते आहे. तशी इथे बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे…" त्या बुटाकडे बघत होत्या. "माझे बूट तिथे कोण करणार, उस्ताद?"

मी म्हटलं, खरं आहे, अडचण आहे.

त्यांनी बुटाचा बंद बांधला. मग पिशवी उचलून गेल्या. वहिनी मशीनवरून म्हणाली, "भावोजी, बाईंनी तुम्हाला प्रश्न विचारला होता." मी म्हटलं, ऐकला की. उत्तरच नाही त्याला, त्या गावात असलं काम करणारं कुणी नाही. वहिनीने कपाळावर हात मारला आणि पुन्हा मशीन चालू केलं.

दुखणं ६. आरी.

२१ जानेवारी

मी का बोलत नाही ते एकदाच लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

माझं बाईंवर प्रेम आहे. लिहिल्यावर शब्द बरा दिसतो, बोलायला जमणार नाही. किती वर्षं, ते सांगता येत नाही. दादा गेला त्या दिवशी त्या बाकावर बसून राहिल्या, तेव्हा मला कळलं. त्याआधीही असणार.

पण माझं काम असं आहे. माणूस माझ्यासमोर मोजा काढतो आणि पाय पुढे करतो. हा पाय त्याने शाळेत लपवलेला असतो, लग्नात लपवलेला असतो. मी तो हातात घेतो, आणि त्याला लाज वाटत नाही. उद्या मी बोललो आणि बाईंच्या मनात तसं काही नसलं, तर त्या पुन्हा पाय पुढे करतील का? नाही करणार. मग बूट कुठून घेणार? म्हणजे मी माझं मन मोकळं करायचं आणि त्यांनी पुन्हा ठोकळा बांधून चालायचं. हे मला पटत नाही.

शिवाय साठाव्या वर्षी असलं बोललं की लोक हसतात. लोकांचं एक वेळ सोडा. बाई हसल्या तर मी काय करू?

दुखणं ५.

२६ जानेवारी

रात्री नीट झोप नाही, पण सकाळी दाढी करताना सुचलं. बाईंना भाचीकडे जायचंय, अडलंय ते बुटांवर. भाची आहे, मुलं आहेत, भरलं घर आहे. इथे काय आहे? दोन खोल्या आणि दगडी पायऱ्या. माझ्या बुटांपायी त्यांनी म्हातारपण एकटीने काढायचं का?

सहा जोड करून द्यायचे. आलटून पालटून घातले तर नऊ वर्षं जातील; टाचा काय, तिथला कुठलाही मोची बदलेल. तोवर माझा अंगठा गेलेलाच असेल, म्हणजे नंतरचं मी इथे असूनही काही करू शकणार नाही. हे काम शेवटचं आणि चोख करायचं.

वहिनीला सांगितलं. ती सुई हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे बाईंनी जावं म्हणून तुम्ही सहा जोड करणार?"

"त्यांना जाता यावं म्हणून."

"आणि तुम्हाला काय हवंय?"

"माझं काय विचारतेस, बूट कुणाचे आहेत?"

ती म्हणाली, "धन्य आहात," आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तेवढाच आराम.

दुखणं ५.

१९ फेब्रुवारी

मधले दिवस लिहिण्यासारखे नाहीत. चामडं आणलं, चांगलं मिळालं. रबर सध्याचंच घेतलं, जे दोन वर्षं वापरतोय ते. आणखी नवा दुकानदार कुठून शोधू?

आज बाईंना मापासाठी बोलावलं. जुन्या फर्म्यावर सहा जोड करणं म्हणजे आंधळेपणा, पाय वयाबरोबर पसरतो. त्यांना कारण सांगितलं नाही. म्हणाल्या, "अजून माप घ्यायची वेळ कुठे झाली?" पण आल्या. चष्म्याची नवी फ्रेम होती. वहिनीने लगेच "छान दिसतेय" म्हटलं. मीही म्हणणार होतो, पण तोंडात पेन्सिल होती.

कागदावर पाऊल ठेवायला सांगितलं आणि भोवती पेन्सिल फिरवली. डावं पाऊल उजव्यापेक्षा लहान, करंगळी आत दबलेली. मला ते पाठ आहे. टाचेला भेगा नाहीत, कडेला घट्टा नाही. पाय घासत चालणाऱ्याला घट्टा पडतो. बाईंना नाही, हे नशीब.

"भाचीचा फोन येतो आहे रोज," बाई वरून म्हणाल्या. "मी अजून हो म्हटलेलं नाही."

मी खाली होतो, तिथूनच म्हटलं, "तुम्ही अजिबात काळजी करू नका. आता सगळं मी बघतो."

"तुम्ही बघता?"

"हो. महिना-दीड महिना द्या मला. एक ठरवलंय. झालं की सांगतो."

वर बघितलं तर बाई हसत होत्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना फार वेळा बघितलेलं नाही. म्हणाल्या, "थांबते मी. घाई नाही." जाताना दारात अडखळल्या, मी हात दिला, आणि तो त्यांनी जरा जास्तच घट्ट धरला. कंबर नक्की बिघडली आहे. तळव्यात थोडी मऊ पट्टी घालायला हवी.

दुखणं ३. आज कमीच वाटतंय.

४ मार्च

दुखणं ७. दोन जोड झाले. चामडं फर्म्यावर ओढताना सगळा जोर अंगठ्यावर येतो.

११ मार्च

दुखणं ८. डॉक्टर चिडले. "काम कमी करा म्हटलं, तुम्ही वाढवलंत." पट्टा दिलाय हाताला. तो घालून चामडं कापायची रापी धरता येत नाही, म्हणून काढून ठेवतो. वहिनी आता बोलते आहे, पण फक्त शिव्या देते. तरी सगळ्या वरच्या शिलाया तिनेच केल्या, दुहेरी टाके घालून. मी दुहेरी सांगितले नव्हते.

२३ मार्च

पाच जोड. दुखणं ८. सकाळी चहाचा कप डाव्या हाताने उचलतो. काल सहाव्याचा डावा तळवा लावताना हात थांबला, दुखण्याने नाही, उगीचच. हा शेवटचा. थोडा वेळ तसाच बसलो. वहिनीने दिवा लावला तेव्हा कळलं की अंधार पडलाय.

२ एप्रिल

बाई आल्या. मी सहाही जोड बाकावर ओळीने मांडले होते, पॉलिश करून. दोन काळे, तीन तपकिरी, एक घरात घालायचा मऊ.

त्या दारातच थांबल्या. मग आत येऊन एकेका जोडावरून बोट फिरवलं.

"हे सगळे माझे?"

"हो. आता भाचीकडे बिनघोर जा. तिथे कोण करणार म्हणत होतात ना? करायला लागणारच नाही कुणाला. नऊ वर्षं पुरतील."

"नऊ वर्षं."

"जास्तच. पुन्हापुन्हा इथे यायची कटकट नाही."

"कटकट," बाई म्हणाल्या.  वहिनी उठून मागे गेली. पाण्याचा नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो चालूच राहिला.

मी म्हटलं, घालून बघा एकदा. त्यांनी बघितला. फेऱ्या मारल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. "बरोबर आहे," म्हणाल्या. तेवीस वर्षांत मी इतके चांगले बूट केले नव्हते. टाका कुठे दिसत नाही, पट्टी अशी बसली आहे की पावलाला कळूसुद्धा नये. मला वाटलं होतं खूश होतील. माझं चुकलं काय ते समजत नाही. कदाचित तपकिरी रंग.

"हेच ठरवलं होतंत का तुम्ही? महिना-दीड महिना?"

"हो."

त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. पट्टा काढून ठेवला होता, अंगठा सुजलेला. मी हात मागे घेतला. त्या काहीतरी बोलणार होत्या असं वाटलं. मीही बोलणार होतो, खोटं कशाला सांगू. इतके दिवस वाटत होतं की आता बूट झाले, आता बोललो तरी यांच्या चालण्याचं काही बिघडत नाही. अडचण उरलेली नव्हती. पण म्हणालो काय, तर, "फर्मा देऊ का बांधून? पुढेमागे तिथे कुणी कारागीर मिळाला तर कामाला येईल."

"नको. फर्मा इथेच राहू दे," बाई म्हणाल्या. "निदान तो."

रिक्षा बोलावून डबे आत ठेवून दिले. त्यांनी मागे बघितलं नाही. मी बघत होतो म्हणून माहीत आहे.

दुखणं ९. डॉक्टरांना ७ सांगेन.

३ एप्रिल

दुखणं ८.

१० एप्रिल

बाई आज गेल्या. जाण्याआधी दुकानात येऊन गेल्या म्हणे, सकाळी. मी डॉक्टरांकडे होतो, इंजेक्शनला. वेळ बदलून घेता आली असती. बाई सकाळी येणार हे वहिनीने काल सांगितलं होतं. मी बदलून घेतली नाही.

किती वेळ बसल्या विचारलं. वहिनी म्हणाली, "तुम्ही यायची वाट बघून गाडी चुकायची वेळ आली तोपर्यंत." मग म्हणाली, "जेवून घ्या."

इंजेक्शनने अंगठा बधिर आहे. दुखणं ०. पहिल्यांदाच शून्य लिहितोय.

३० मे

वही बंद पडली होती. डॉक्टरांनी आकडे मागितले, मनाने सांगितले.

नवीन कामं घेणं बंद केलं. मोठं मशीन विकलं. नेणारी माणसं दारात अडकली, तर मीच चौकट कशी काढायची ते दाखवलं. वहिनी पुढे तयार चपला आणि पॉलिश ठेवते आहे. मी बाकावर बसतो, कुणाचा बंद शिवून दे, कुणाला आतली पट्टी घाल. समोरच्या फळीवर काही नसतं. वहिनीने तिथे चपलांचे डबे लावले होते, मी काढायला लावले. का ते तिने विचारलं नाही.

संध्याकाळी कंटाळा येतो. कंटाळा म्हणजे नुसता कंटाळा नाही, उठून घरी जायचाही कंटाळा.

दुखणं ३.

२० ऑगस्ट

बाईंचं पत्र आलं. अक्षर फळ्यावरच्यासारखं, मोठं आणि सरळ. इथे उतरवून ठेवतो.

"उस्ताद यांस नमस्कार. मी ठीक आहे. भाचीची मुलं मला घराबाहेर काढतात, रोज बागेला दोन फेऱ्या होतात. तिथे होते त्यापेक्षा दुप्पट चालते. चार महिने एकच काळा जोड घातला, मुद्दाम. काल उलटा करून बघितला. टाच झिजायचं नावच घेत नाही. मागच्या कडेला जराशी तिरकी गेली आहे, तेवढीच. या खेपेला रबर वेगळं लावलंत का? इथल्या घराला दगडी पायरी नाही, हेही एक कारण असू शकेल. आपल्या हाताची काळजी घ्यावी. वहिनींना नमस्कार."

मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आनंद झाला, कंबर बरी आहे, टाच तिरकी जाते आहे म्हणजे चालणं सरळ आहे. मग रबराचं डोक्यात राहिलं. रबर वेगळं नाही. त्याच ताग्यातलं आहे, जानेवारीत लावलेली टाचही त्यातलीच होती. ते तीन महिन्यांत जायचं. आता दुप्पट चालून चार महिने शाबूत?

बिस्किटाचा डबा काढला. बेचाळीस टाचा निघाल्या. बाकावर उलट्या मांडल्या, भिंग घेतलं. हे मी अकरा वर्षांत कधी केलं नव्हतं. दुसऱ्या कुणाची टाच असती तर पहिल्याच दिवशी केलं असतं.

सगळ्या सपाट. सगळ्यांवर बारीक ओरखडे, एकाच दिशेने, एकमेकांना समांतर. चालून असे ओरखडे पडत नाहीत. चालताना पाऊल वळतं, ओरखडेही वळतात. कानसीने किंवा दगडावर हाताने घासलं की असे सरळ पडतात. रबराच्या भोकांत दगडाची पांढरी भुकटी अजून आहे. सगळ्यात जुन्या टाचेवरची तारीख दादा गेल्यानंतर तिसऱ्या महिन्याची आहे.

बाई मागच्या दारात बसून बूट हातात घेऊन टाच घासत असणार. बेचाळीस वेळा. बरंच घासावं लागतं, हे रबर चिवट आहे. रबर चांगलं होतं.

वहिनी मागे येऊन उभी राहिली होती. मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"मला काय, रबरवाल्यालासुद्धा माहीत असेल."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटायचं, तुम्हाला कळतंय. जगाच्या टाचा वाचता तुम्ही. वाटायचं, कळूनच चार दिवस सांगता." ती बाकावर बसली, बाई बसायच्या तिथे. "मग सहा जोड काढलेत, तेव्हा समजलं की तुम्हाला काही म्हणजे काही कळलेलं नाही. पण तेव्हा मी सांगायचं म्हणजे काय, भावोजी? तुम्ही दोघं साठीची माणसं. मी चिठ्ठ्या पोचवायच्या?"

"चार दिवसांचं बाईंना ठाऊक होतं का?"

"एकदा त्यांनी विचारलं होतं, सगळ्यांनाच चार दिवस लागतात का म्हणून. मी म्हटलं, मला शिलाईतलं कळतं, टाचेतलं नाही."

म्हणजे त्यांना ठाऊक नाही. त्या अकरा वर्षं टाच घासून येत होत्या आणि त्यांना वाटत होतं की मी नुसता टाच लावतोय. आणि शेवटी मी त्यांना नऊ वर्षांचे बूट दिले आणि कटकट म्हणालो.

मी बाकावर डोकं ठेवलं. वहिनीने दुकानाचं दार ओढून घेतलं, पाटी उलटी केली आणि आत चहा ठेवायला गेली.

आकडा लिहीत नाही.

२१ ऑगस्ट

उत्तर लिहायला बसलो. चार पानं झाली. फाडली.

२२ ऑगस्ट

अर्धं पान. त्यात "परत या" असं लिहिलं होतं. कशावर या म्हणू? माझा अंगठा गेला, काम गेलं, आणि त्यांच्या बागेला रोज दोन फेऱ्या होतात. तेही फाडलं.

दुखणं ४, सगळं लिहून लिहून.

२३ ऑगस्ट

काही नाही. बाईंचा फर्मा खाली काढला, पुसला, समोरच्या फळीवर ठेवला.

२४ ऑगस्ट

शेवटी पोस्टकार्ड घेतलं. त्यावर एवढंच लिहिलं:

"बाईंस नमस्कार. रबर तेच आहे, जानेवारीतल्या टाचेचंच. तुमचा प्रश्न होता म्हणून कळवतो. आणखी एक, जे तेव्हाच सांगायला हवं होतं. टाच लावायला चार दिवस लागत नाहीत. वीस मिनिटं लागतात. सगळ्यांना त्याच दिवशी देतो. — उस्ताद."

वहिनीने चष्मा लावून वाचलं. "एवढंच?"

"एवढंच."

"आणखी काही नको लिहायला?"

मी म्हटलं, नको, त्यांना समजेल. ती पुन्हा वाचायला लागली आणि या वेळी तिला बराच वेळ लागला. मग कार्ड परत देऊन म्हणाली, "जा, टपालपेटी उघडायची वेळ झाली."

कोपऱ्यावर जाऊन टाकलं आणि चालत परत आलो. दुखणं २.